कार्बोरेटर साफ करूनही जुनी गाडी परत बिघडते, तेव्हा कुठे शोधायचं

कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, उघडून साफ केला की जुनी मोटरसायकल आठ-पंधरा दिवस गुणाने चालते. मग एका सकाळी स्लो, म्हणजे रेस न देता संथ चालू राहणं, धरत नाही. चोक (गार इंजिनाला जादा पेट्रोल देणारा खटका) ओढलेला असेल तोवर चालू राहते, चोक बंद केला की दोन गचके देऊन मरते. पुन्हा कार्बोरेटर उतरवा, पुन्हा जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) फुंका, पुन्हा पंधरा दिवस सुखाचे. या फेऱ्यात अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. मीही त्यात तीन महिने होतो.

माझ्याकडे वडिलांची सिंगल-सिलिंडर फोर-स्ट्रोक गाडी आहे. सहा वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. चालू केल्यावर पहिल्या तीन महिन्यांत मी तिचा कार्बोरेटर चार वेळा उतरवला. चौथ्या वेळी कार्बोरेटरच्या बुडाशी पेट्रोल साठतं त्या वाटीतलं पेट्रोल फेकून न देता एका पांढऱ्या बशीत ओतलं आणि हलवलं नाही. थोड्या वेळात तळाशी विटकरी रंगाची भुकटी बसली, बोटांत चोळली तर पिठासारखी. टाकीतला गंज होता तो. मी तीन वेळा ज्या जेटला दोष दिला, ते जेट बिचारं टाकीतून येणारा गंज गिळत होतं. टाकीचं काम केल्यावर त्या कारणाने कार्बोरेटर परत उतरवावा लागला नाही.

तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी एक गोष्ट विचारतो: बिघाड किती वेळाने परत येतो? काही आठवड्यांनी, की पंधरा मिनिटं चालवल्यावर, की रात्रभर उभी राहिल्यावर? की तो मुळात गेलाच नव्हता? चारही प्रकारांची कारणं वेगळी असतात आणि त्यातली बरीचशी कार्बोरेटरच्या बाहेर सापडतात.

आठवड्यांनी परत येणारा बिघाड

कचरा येतोय, हे जवळजवळ नक्की. पण कचऱ्याने आधी स्लोच का जाते, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. स्लो जेटचं, म्हणजे पायलट जेटचं, भोक साधारण 0.4 मिलिमीटरच्या आसपास असतं. मेन जेटचं, म्हणजे वेगात लागणारं पेट्रोल देणाऱ्या जेटचं, भोक बहुतेक गाड्यांत त्याच्या दुपटीहून मोठं. जो कण मेन जेटमधून सहज निघून जातो, तो पायलट जेटमध्ये अडकतो. म्हणून गाडी रस्त्यावर वेगात ठीक पळते आणि सिग्नलला उभी राहिली की बंद पडते. चोक ओढल्यावर चालते, कारण चोकची पेट्रोलची वाट वेगळी आहे आणि ती पायलटची उणीव भरून काढते. हे लक्षण दिसलं की मेन जेट बदलण्याच्या नादी लागू नका.

आता बशीची परीक्षा. गाडी मोकळ्या जागी घ्या, इंजिन पूर्ण गार होऊ द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. म्हणून आसपास शेगडी, सिगारेट, चालू मोटर काहीही नको. वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पांढऱ्या बशीत घ्या आणि काय दिसतं ते नीट पाहा. विटकरी भुकटी म्हणजे टाकीचा गंज. काळे रबरी कण म्हणजे पेट्रोलचा पाइप आतून विरघळतोय. बाहेरून तो अगदी नवा दिसू शकतो. पेट्रोलखाली पाऱ्यासारखा लोळणारा गोल थेंब असेल तर ते पाणी. वाटीच्या तळाशी पांढरट खरखरीत थर असेल तर पाणी तिथे बरेच दिवस साचून धातू खात होतं. आणि पिवळसर चिकट रोगण, ज्याला शिळ्या वार्निशसारखा उग्र वास येतो, ते जुन्या पेट्रोलचं. पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि मागे हा चिकटा राहतो.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं. थोडा ओलावा त्यात विरघळून राहतो, पण मर्यादेबाहेर गेला की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल कॉकचं, म्हणजे टाकीखालच्या तोटीचं, तोंड नेमकं तिथेच असतं. रोज चालणाऱ्या गाडीला याचा त्रास फारसा होत नाही. महिनोन्‌महिने अर्धी टाकी भरून उभ्या ठेवलेल्या गाडीला हमखास होतो.

टाकीत टॉर्चने आत पाहा. तळाच्या शिवणी आणि वरचा भाग, जिथे पेट्रोल पोचत नाही, तिथे गंज आधी धरतो. पेट्रोल कॉक काढा आणि त्यावरची जाळी तपासा. माझ्या गाडीची जाळी बुडाशी फाटलेली होती, एवढ्या बारीक फटीने की हातात घेऊन फिरवल्याशिवाय दिसली नसती.

गंज काढायला मला सायट्रिक ॲसिडचा उपाय सगळ्यात भरवशाचा वाटतो. टाकी उतरवून पूर्ण रिकामी करा, आधी डिशवॉश लिक्विडने धुऊन आतला तेलकटपणा घालवा, कॉकचं भोक घट्ट बंद करा. कोमट पाण्यात लिटरला 50 ते 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून टाकी काठोकाठ भरा, वरचा गंजही बुडाला पाहिजे. एक रात्र ठेवा, मधूनमधून पाहा. टाकीच्या रंगावर सांडू देऊ नका. रिकामी केल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून धुवा, मग भरपूर साध्या पाण्याने. यानंतरची घाई महत्त्वाची: उघडा पडलेला लोखंडी पत्रा ओला राहिला तर डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस होतो. पंख्याच्या किंवा ब्लोअरच्या हवेने लगेच कोरडी करा आणि थोडं इंजिन ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवून सगळ्या बाजूंना लावून घ्या. टाकीत नटबोल्ट टाकून खडखडवायची रीत आहे. करायची असेल तर आत टाकलेले मोजून ठेवा आणि बाहेर काढलेले मोजा.

नवा पाइप आणि लाइनमध्ये पारदर्शक फिल्टर बसवाच. फक्त फिल्टर निवडताना एक काळजी घ्या. कार्बोरेटरच्या बहुतेक मोटरसायकलींत पेट्रोल नुसतं उतारावरून खाली येतं, पंप नसतो. पंपाच्या गाड्यांसाठी बनवलेले दाट कागदी फिल्टर इथे धार अडवतात, आणि मग एक बिघाड घालवताना दुसरा जन्माला येतो.

साफ करणं आणि खरंच साफ होणं

कार्बोरेटरचे स्क्रू उघडतानाच पहिलं नुकसान होतं. जपानी कार्बोरेटरवरचे चौफुली स्क्रू नेहमीच्या फिलिप्ससारखे दिसतात, पण ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. फिलिप्सचा स्क्रू-ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. जेआयएसचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या. पितळी जेटसाठी खाचेच्या रुंदीएवढाच सपाट स्क्रू-ड्रायव्हर, त्याहून अरुंद नको.

वाटी, फ्लोट (वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा तुकडा), जेट चकचकीत करून लोक थांबतात. अडकलेला कण मात्र अनेकदा कार्बोरेटरच्या अंगातल्या वाटेत असतो. पायलट जेटच्या पुढे एक बारीक बोगदा जातो आणि थ्रॉटल जवळजवळ बंद असताना ज्या बारीक छिद्रांतून पेट्रोल बाहेर येतं तिथे उघडतो. जेट काढून, पायलट स्क्रू (स्लोचं मिश्रण कमी-जास्त करणारा) काढून, त्या बोगद्यात कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा. सगळ्या छिद्रांतून जोरदार धार निघाली पाहिजे. एका छिद्रावर बोट ठेवा आणि दुसरीकडची धार वाढते का पाहा. निघत नसेल तर काम झालेलं नाही, कितीही चकाकी आली तरी. डोळ्यांवर चष्मा हवाच. हा फवारा भलत्याच भोकातून थेट तोंडावर येतो आणि डोळ्यात गेला तर जाळतो.

जेटमध्ये तार घालू नका, हे सगळे सांगतात. कारण असं की पितळ मऊ आहे आणि स्टीलची तार त्याला ओरखडे पाडते, भोक मोठं करते. 0.4 मिलिमीटरच्या भोकात थोडासा फरकही मिश्रण बदलतो. फारच हट्टी चिकटा असेल तर रात्रभर क्लीनरमध्ये भिजवा, किंवा विजेच्या वायरीतला एक मऊ तांब्याचा धागा हलक्या हाताने फिरवा. मग उजेडासमोर धरा. स्वच्छ गोल भोक दिसलं पाहिजे.

पायलट स्क्रू काढताना आधी तो आत फिरवत किती फेऱ्यांनी टेकतो ते मोजून लिहून ठेवा. टेकला की थांबा. घट्ट आवळला तर टोक तुटून भोकात अडकतं आणि मग अख्खं अंग बाद होऊ शकतं. स्क्रूबरोबर स्प्रिंग, इवलासा वायसर आणि त्याहून इवला ओ-रिंग येतो. ओ-रिंग बहुतेक वेळा आतच चिकटून राहतो आणि लक्षात येत नाही. तो सुकलेला असेल किंवा हरवला असेल तर स्क्रू कितीही फिरवा, स्लो जागेवर येत नाही.

रबर असलेले भाग क्लीनरपासून लांब ठेवा. हवेची वाट उघडणारी स्लाइड इंजिनाच्या ओढीने उचलली जाते अशा, म्हणजे व्हॅक्यूमच्या, कार्बोरेटरमध्ये वर जो पातळ रबरी पडदा असतो तो क्लीनर लागला की फुगतो आणि खाचेत बसत नाही. तो उजेडासमोर ताणून धरा. सुईएवढं छिद्र असेल तरी गाडी अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे उचलत नाही.

दहा-पंधरा मिनिटांनी बंद, थांबलं की परत चालू

यासाठी कार्बोरेटर उघडायच्या आधी टाकीचं झाकण उघडा. गाडी बंद पडल्याबरोबर, तिथेच. आत हवा शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी होते आणि धार थांबते. पाच मिनिटं उभं राहिल्यावर थोडी हवा कशीबशी आत शिरते आणि गाडी चालू होते, म्हणून लोकांना वाटतं इंजिन तापलं होतं. छिद्र साफ करायला पाच मिनिटं लागतात. या एका कारणासाठी किती कार्बोरेटर विनाकारण उघडले गेले असतील याचं मला फार वाईट वाटतं.

झाकण ठीक असेल तर कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धार पाहा. सुरुवातीला जोरात आणि मिनिटाभरात थेंबथेंब झाली, तर कॉकची जाळी, फिल्टर किंवा पिळलेला पाइप. ज्या गाड्यांत कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडतो, तिथे इंजिन बंद असताना धार येणार नाही. कॉकवर प्राइमची (इंजिन बंद असतानाही धार सोडणारी) जागा असेल तर ती वापरा.

धारही अखंड असेल तर इग्निशनकडे, म्हणजे ठिणगीच्या बाजूकडे, वळा. बंद पडण्याची तऱ्हा खूप काही सांगते. पेट्रोल कमी पडलं तर गाडी दमत, गचके देत, हळूहळू मरते, आणि त्या क्षणी चोक ओढला तर थोडी पुढे जाते. कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तापून ठिणगी गेली तर चावी फिरवल्यासारखी एकदम बंद होते. म्हणून प्लगचा पाना आणि एक चांगला प्लग बरोबर ठेवा आणि बंद पडल्या पडल्या ठिणगी तपासा. तेव्हा मात्र प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलच्या वासापासून लांब धरूनच.

सकाळी पेट्रोलचा वास, खाली ओल

रात्री कॉक चालू राहिला आणि सकाळी ओव्हरफ्लोच्या नळीखाली डाग दिसला, तर फ्लोटची सुई, जी वाटी भरली की वाट बंद करते, ती पेट्रोल थांबवत नाही. सुईच्या टोकावर उजेडात बोट फिरवा. कंगोऱ्यासारखी गोल रेघ लागली तर ती झिजली. सुईची बैठकही पाहा, आणि फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळत असेल तर फ्लोट फुटलाय, तो बुडतोय आणि सुई वर ढकलत नाही. परीक्षा सोपी आहे: कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून स्वच्छ पाइपने हलकं फुंका. उलटा असताना हवा जाता कामा नये, सरळ केल्यावर गेली पाहिजे.

यात एक धोका आहे आणि तो मी ठासून सांगतो. पेट्रोल नेहमी बाहेरच सांडतं असं नाही. कधी ते इंजिनात उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली किंवा डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग वाचवत नाही. आधी गळती बंद करा, ऑइल बदला, मगच किक मारा. तोवर आणि त्यानंतरही गाडी उभी केली की कॉक बंद करायची सवय ठेवा.

साफसफाईने काहीच फरक पडला नाही तर

रेस सोडल्यावर इंजिन वरच लटकून राहतं, मग सावकाश खाली येतं; स्लो कधी मिनिटाला 900 फेऱ्यांवर, कधी 1,800 वर; सायलेन्सरमधून फटफट. ही लक्षणं कुठून तरी चोरून हवा ओढली जात असल्याची आहेत. कार्बोरेटर आणि इंजिनाचं हेड यांच्यामधलं रबर वाकवून पाहा, भेगा वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. बोल्टने बसणाऱ्या कार्बोरेटरचा फ्लँज (इंजिनाला टेकणारी सपाट कड) वर्षानुवर्षं जास्त आवळल्याने वाकतो. त्यावर सरळ पट्टी ठेवा, मध्ये उजेड दिसला तर वाकलाय. इंजिन स्लोवर ठेवून सांध्यांवर स्प्रे-बाटलीने थोडं पाणी मारलं आणि आवाज बदलला, तर गळती तिथेच. पेटणारे स्प्रे वापरणारेही आहेत. गरम सायलेन्सरशेजारी मला ते धाडस करवत नाही.

टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची गॅपही, पाहून घ्या. व्हॉल्व्हला गॅप उरली नसेल तर तो पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि स्लो कधीच स्थिर होत नाही. गॅप थंड इंजिनावर, त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिली असेल तेवढीच.

आणि मग झीज. स्लाइडची सुई (फ्लोटची नव्हे) आणि ती ज्या पितळी नळीत वरखाली होते तिचं तोंड हजारो किलोमीटर एकमेकांना घासतात. भोक गोलाचं लंबगोल होतं, डोळ्याला ते जवळजवळ दिसत नाही, पण पेट्रोल जादा जातं. लक्षण नेमकं असतं: पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये गाडी जड, धुरकट, प्लग काळा; पूर्ण उघडल्यावर ठीक. इथे सुई आणि नळी जोडीनेच बदलावी लागते. चोकच्या प्लंजरचं रबर कडक झालं किंवा त्याची केबल ताणलेली राहिली, तर चोक कायम थोडा उघडा राहतो आणि गाडी गरम झाल्यावर त्रास देते.

कोणत्या भागाचा दोष हे ठरवायला ग्रिपवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. स्पीडोमीटरकडे न पाहता खुणेकडे पाहा. पाव खुणेच्या खाली पायलट आणि स्लाइडची कापलेली कड बोलते, मध्ये सुई, पाऊणच्या पुढे मेन जेट. चोक थोडा ओढून पाहा: गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडत होतं, बिघडली तर आधीच जास्त होतं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एक भागाला 14.7 भाग हवा लागते, आणि प्लग त्याचा हिशेब दाखवतो: कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. पांढऱ्या प्लगवर गाडी दामटू नका, पिस्टन तापतो.

शेवटची ट्यूनिंग

एअर फिल्टर आणि त्याचा डबा बसवूनच ट्यूनिंग करा. उघड्या तोंडाने केलेलं ट्यूनिंग डबा लावला की बिघडतं. गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा. पायलट स्क्रू आधी मोजलेल्या फेऱ्यांवर आणा. तो आकडा नसेल तर मॅन्युअलचा घ्या, तोही नसेल तर दीड-दोन फेऱ्यांपासून सुरुवात करा. स्क्रू कुठे आहे हे आधी ओळखा. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की पेट्रोल कमी होतं. एका वेळी पाव फेरी, मग इंजिनाला सावरायला काही सेकंद द्या. स्लो जिथे सगळ्यात वर जाते तिथे थांबा आणि मग आयडल स्क्रूने, म्हणजे स्लोचा वेग ठरवणाऱ्या स्क्रूने, योग्य आकड्यावर आणा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. स्लो वाढत असेल तर केबल ताणलेली आहे, आणि असं असताना रस्त्यावर जाऊ नका.

महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा. आणि टाकीचं काम केल्यानंतर साधारण 100 किलोमीटर झाले की ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पुन्हा पांढऱ्या बशीत घ्या. तळ स्वच्छ असेल तर पुढची तपासणी महिन्याने. विटकरी ठिपके दिसले तर जेटकडे नाही, परत टाकीकडे.